स्कूटरची रेस वाढते पण गाडी पळत नाही, कार्बोरेटर साफ करूनही पिकअप येत नाही, इंजिन काम करावं का?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2014 ची 110 सीसी गिअरलेस आहे, पन्नास हजाराच्या वर पळालेली, साताऱ्यातून यवतेश्वरच्या घाटात डबल सीट निघालं की आवाज नुसता वाढत जातो आणि काटा 25-30 ला चिकटतो, सपाटीला पण 50 च्या पुढे जायला मागत नाही. कार्बोरेटर दोनदा खोलून झाला, प्लग नवीन टाकला, आणि आता मेकॅनिक म्हणतोय इंजिन काम काढावं लागेल. माझं छोटं गॅरेज आहे आणि अशाच स्कूटर रोज समोर असतात, म्हणून आधीच सांगतो, इतक्यात इंजिन खोलू देऊ नका. तुमच्याच वाक्यात उत्तर आहे, आवाज वाढतो पण गाडी पळत नाही. म्हणजे इंजिन रेस होतंय, ताकद बनतीये, ती चाकापर्यंत पोचत नाहीये. इंजिनच दमलेलं असतं तर रेसच चढली नसती, गाडी भरभरली असती, गुदमरली असती, मिसिंग मारलं असतं.

आता ही टेस्ट घाटात करू नका, कारण चढावर गिअरलेस गाडी आपोआप लहान गिअरसारखी चालते आणि रेस जास्त असणं नॉर्मलच आहे. सकाळी रिकाम्या सपाट रस्त्यावर एकट्याने जा, ॲक्सिलरेटर हळूहळू पूर्ण पिळा आणि फक्त कान द्या. 20-25 च्या पुढे गेल्यावर क्लच पूर्ण पकडलेला असायला पाहिजे, तिथून पुढे ॲक्सिलरेटर पिळल्यावर आवाज एकदम वर जातो आणि काटा हलत नाही, जळका वास पण येतो, तर बेल्ट नाहीतर क्लच घसरतोय. वास नाही, घसरल्यासारखं पण वाटत नाही, फक्त कायम दुसऱ्या गिअरमध्ये अडकल्यासारखी ओरडत चालते, तर व्हेरिएटर (वेगाप्रमाणे बेल्ट वर-खाली सरकवून गिअरचं काम करणारी पुढची पुली) पूर्ण सरकत नाहीये, म्हणजे त्याच्या आतले रोलर (रेस वाढली की बाहेर सरकून पुलीला ढकलणारी छोटी गोल वजनं) गेलेत किंवा बेल्ट झिजून अरुंद झालाय.

पण हे सगळं खोलायच्या आधी फुकटची दोन कामं करा. मधल्या स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून, मागचं चाक हाताने फिरवा. थोडं जड जाईल पण फिरलं पाहिजे, हात सोडल्या सोडल्या जागेवर थांबत असेल किंवा खरखर येत असेल तर ब्रेक चिकटलाय. पावसाळ्यानंतर ड्रममधला कॅम गंजून असं खूप होतं, लिव्हर परत जागेवर येत नाही आणि माणूस बिचारा प्लग बदलत बसतो. दुसरं म्हणजे हवा, पुढे 22 आणि मागे एकट्याला 29, डबल सीटला मागे 36 पर्यंत, या साइजच्या बहुतेक स्कूटरला साधारण हाच हिशोब असतो, तरी स्टिकरवर बघून घ्या.

मग डाव्या बाजूचं लांबट कव्हर खोला, बेल्ट, पुल्या आणि क्लच याच्याच आत असतात. आठ नंबरचे बोल्ट असतात बरेच, सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून काढताना पुठ्ठ्यावर त्याच क्रमाने खोचून ठेवा. आत काळी धूळ असणारच, तोंडाला रुमाल बांधा, ती हवा मारून अंगावर उडवू नका. बेल्ट उलटा वाकवून दातांच्या मुळाशी चिरा बघा, आणि रुंदी व्हर्नियरने मोजून मॅन्युअलमधल्या लिमिटशी ताडून बघा. नुसत्या डोळ्यांनी बघून "बेल्ट चांगला आहे" म्हणणारे लय भेटतात, पण बेल्ट तुटायच्या कितीतरी आधी कडेने झिजतो, अरुंद झाला की पुढच्या पुलीत खाली बसतो आणि टॉप स्पीड गायब. बहुतेक गाड्यांना 24 हजारच्या आसपास बदलायला सांगितलेलं असतं, तुमचा कधी बदलला ते तुम्ही लिहिलंच नाहीये, त्यामुळे माझा पहिला संशय तिथेच आहे.

एक सोपी युक्ती आहे, जरूर करून बघा. पुढच्या पुलीच्या आतल्या चकचकीत बाजूवर मध्यापासून कडेपर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढा, कव्हर लावा, गाडी पूर्ण ॲक्सिलरेटरवर पळवून आणा आणि परत उघडा. बेल्ट जिथपर्यंत चढला तिथपर्यंतची रेघ पुसलेली असेल. जवळजवळ कडेपर्यंत पुसली असेल तर व्हेरिएटर बरोबर काम करतोय, मग क्लच बघा. अर्ध्यातच थांबली असेल तर रोलर काढा, एका बाजूने चपटे झालेले दिसतील, गोल रोलर घरंगळतो, चपटा आहे तिथेच घासत बसतो. रोलर सगळे एकदम बदला, आणि गाडीला जे वजन आहे तेच घ्या. हलके रोलर टाकले की पिकअप भारी येतं असं पोरं सांगतात, येतं थोडं, पण इंजिन कायम जास्त रेसवर राहतं आणि ॲव्हरेज पडतं.

क्लचचं लक्षण वेगळं, सिग्नलवरून निघताना गाडी थडथड करते. क्लचचे शू (बेलला, म्हणजे बाहेरच्या वाटीला, आतून पकडणारे घर्षणाचे तुकडे) काचेसारखे गुळगुळीत झालेले असतात. पॉलिश पेपर मारून काही दिवस निघतात, लायनिंगच संपलं असेल तर नवीन शू आणि बेलमध्ये खाच पडलीये का तेही बघायचं. आणि कव्हरच्या आत ऑइलचा ओलसरपणा दिसला तर नुसता नवा बेल्ट टाकू नका, ऑइल सील गळतंय, नवा बेल्ट पण घसरेल.

बसवताना एक गोष्ट मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून बघा. मागची पुली दाबून उघडून बेल्ट तिच्यात खोल बसवायचा, म्हणजे पुढे बेल्ट ढिला पडतो आणि मग पुढचा नट टाईट करायचा. घाईत बेल्ट पुढच्या पुलीत मध्येच चिमटला जातो, नट टाईट झाल्यासारखा वाटतो, गाडी चालल्यावर तो ढिला होतो आणि क्रँकच्या आट्या खाऊन टाकतो. तेव्हा मात्र खरंच इंजिन खोलावं लागतं! नट काढताना पुली धरायला पंख्याच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवणाऱ्याला तिथेच थांबवा, पाती तुटते.

समजा टेस्टमध्ये उलटं निघालं, रेसच चढत नाही, तर मग इंजिनकडे वळा. एअर फिल्टर आधी. तेलकट कागदाचा फिल्टर हवा मारून साफ होत नाही, बदलायचाच असतो. पेट्रोल टाकीचं झाकण, थोडं चालून गाडी गुदमरली आणि झाकण उघडल्यावर सूं आवाज आला, गाडी परत ठीक झाली, तर झाकणाचं भोक बुजलंय. कार्बोरेटर दोनदा धुतला म्हणता पण वरचं रबरी डायफ्राम (पातळ पडदा) उजेडासमोर धरून कुणी बघितलं का? सुईएवढं भोक असलं तरी वरचं पिकअप जातं, आणि धुऊन ते भोक काही बुजत नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक फट, इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून सेट करायचा, गरम झाल्यावर आयडलिंग जातं आणि स्टार्टला त्रास होतो तर टॅपेट टाईट असू शकतो. थोडा खटखट करणारा टॅपेट परवडला, एकदम गप्प झालेला नाही, त्यात व्हॉल्व्ह जळतो.

इंजिन काम कधी? निळा धूर, ऑइल कमी होत जाणं, किक एकदम हलकी लागणं. तरी आधी कम्प्रेशन गेज लावायला सांगा. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून थोडं ऑइल टाकून परत मोजायचं, वाढला तर रिंग-बोअर (पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर) झिजलेत, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. हे न करता बोअर काढा म्हणणाऱ्याला काम हवंय एवढंच समजायचं.

ई20 पेट्रोलचं तुम्ही विचारलंय, तर इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे 20 टक्के मिसळलं की हिशोबाने सहा-सात टक्के फरक बनतो. तेवढ्याने 50 ला गाडी अडकत नाही. जुन्या गाडीचे रबरी पाइप मात्र बघत राहा, आणि गाडी महिनोन्महिने उभी असेल तर टाकीतलं पेट्रोल बदला, इथेनॉल पाणी ओढतं.

आणि 2020 नंतरच्या बीएस6 गाडीवाल्यांनी हे वाचून कार्बोरेटर शोधत बसू नये, तिथे फ्युएल इंजेक्शन आहे. मीटरवरची इंजिनची लाइट लुकलुकत असेल तर किती वेळा लुकलुकते ते मोजून मेकॅनिकला सांगा, बॅटरी पण तपासा. बेल्ट, रोलर, क्लचचं सगळं मात्र त्यांनाही जसंच्या तसं लागू.