अकरावीला ग्राफिंग कॅल्क्युलेटर घ्यावा का? आलेख यंत्राने काढून फंक्शन खरंच समजतं का?

कोल्हापुरात अकरावी सायन्सला आहेस आणि घरच्यांकडे ग्राफिंग, म्हणजे पडद्यावर आलेख काढून दाखवणारा, कॅल्क्युलेटर मागायचा की नाही हे ठरत नाहीये, असं तू लिहिलंयस. मागू नकोस. बारावी बोर्ड, सीईटी, जेईई, कुठेच तो आत नेऊ देत नाहीत. उद्या बाहेर शिकायला जायचं म्हणून सॅट, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाची परीक्षा, दिलीस, तर तिथे परीक्षेच्या स्क्रीनवरच डेसमॉस हे आलेख काढणारं ॲप असतं. डेसमॉस आणि तसंच दुसरं ॲप जिओजेब्रा, दोन्ही मोबाईलवर फुकट मिळतात.

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. मी इथे गणिताच्या शिकवण्या घेतो. माझं मत असं, की आधी कागदावर कच्चा आलेख काढून मग यंत्राकडे गेलास तर खूप समजतं. आधीच बटण दाबलंस तर चित्र बघून होतं, बाकी काही नाही.

का ते बघ. एक्सचा घन वजा १२ एक्स, हे फंक्शन घे. दोन्ही अक्ष उणे १० ते १० ठेव, बरेच कॅल्क्युलेटर सुरुवातीला तेवढंच दाखवतात. तुला तीन जवळजवळ उभ्या रेघा दिसतील आणि वाटेल, हे काय भलतंच! वळणं पडद्याबाहेर गेलीत. एक्स उणे २ असताना किंमत १६, अधिक २ असताना उणे १६. वायचा अक्ष उणे २० ते २० केलास की डोंगर आणि दरी दोन्ही आत येतात. पण तो किती करायचा हे यंत्र सांगत नाही, तुझा अंदाज सांगतो.

आता त्याच पडद्यावर त्याचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे किंमत किती वेगाने बदलते ते, काढ: ३ एक्स वर्ग वजा १२. इथे कोल्हापूरकराला वेगळं शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण सगळेच बघतो, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पण "किती फूट झालं?" विचारून कुणी थांबत नाही, लगेच पुढचा प्रश्न येतो, "चढ हाय का उतार?" पहिला प्रश्न फंक्शनचा, दुसरा डेरिव्हेटिव्हचा. ४३ फुटांवर पाणी स्थिर झालं तर डेरिव्हेटिव्ह शून्य, पण पाणी अजून धोक्याच्या रेषेवरच. मुलं नेमकी इथेच गोंधळतात, फंक्शन शून्य आणि डेरिव्हेटिव्ह शून्य एकच समजतात. तुझ्या आलेखात उलटी गंमत आहे: एक्स शून्य असताना फंक्शन शून्य, पण त्या भागातला सगळ्यात जोराचा उतार तिथेच, उणे १२. आणि डेरिव्हेटिव्ह जिथे अक्षाला छेदतं, बरोबर तिथेच वर डोंगर आणि दरी.

यंत्रावर आंधळा विश्वास मात्र नको. कॅसिओने १९८५ मध्ये आणलेल्या पहिल्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरच्या, एफएक्स-७०००जीच्या, पडद्यावर ९६ बाय ६४ ठिपके होते. म्हणजे उणे १० ते १० मध्ये साधारण दर ०.२ ला एक किंमत काढायची आणि ठिपके जोडायचे. आजचे पडदे बारीक झाले, तरी काम तेच. म्हणून जुन्या कॅल्क्युलेटरवर टॅनच्या आलेखात ९० अंशांपाशी एक उभी रेघ दिसते, जी मुळात नाहीच. अलीकडचा आणि पलीकडचा ठिपका यंत्राने जोडून टाकलेला असतो. किंवा एक्स वर्ग वजा ४ ला एक्स वजा २ ने भागून बघ. सरळ रेघ येईल, अखंड. पण एक्स २ असताना तिथे किंमतच नाही. ते भोक डोळ्याला दिसत नाही, २ टाकून विचारलंस तरच कळतं. लिमिटचा अख्खा धडा त्या भोकात आहे.

यंत्राशिवाय जे सहसा सुचत नाही असं एकच सांगतो. डेसमॉसमध्ये ए एक्स वर्ग अधिक बी एक्स अधिक सी लिही आणि ए, बी, सी तिघांना स्लायडर दे, म्हणजे बोटाने सरकवून किंमत बदलायची पट्टी. ए आणि सी हलवल्यावर काय होतं ते पुस्तकात असतं. तू बी हलव. पॅराबोला नुसता डावी-उजवीकडे सरकेल असं वाटतं, पण त्याचं टोक कमानीत फिरतं. ती कमान म्हणजे दुसरा पॅराबोला, उलटा: सी वजा ए एक्स वर्ग. टोकाचा एक्स उणे बी भागिले २ए असतो, तो धरून हे कागदावर सिद्ध कर. चार ओळींचं काम आहे, पण उत्तर इंटरनेटवर शोधू नकोस, मजा जाईल.

साइनचा आलेख कधी अक्षाला चिकटलेल्या सपाट रेघेसारखा आला, तर यंत्र डिग्रीवर आहे की रेडियनवर ते तपास. दहा अंशांचा साइन जेमतेम ०.१७ असतो. आणि नेट नसताना वापरायचं असेल तर जिओजेब्राचं ॲप उतरवून ठेव.