वाचकांचे प्रश्न : सेन्सर बसवला की दुष्काळ हटतो का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, गाव लातूर जिल्ह्यात. आमचा प्रोजेक्ट दुष्काळावर आहे, विहिरीत पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, शेतात ओल मोजणारा सेन्सर, आणि पिकाला किती पाणी द्यायचं ते मोबाइलवर ॲप सांगणार. आमचे सर म्हणतात एआय आलंय, आता दहा वर्षांत पाण्याचा प्रश्न राहणारच नाही. घरी आजोबा म्हणतात, असं सांगणारे आम्ही लई बघितले. तुम्हाला काय वाटतं, सायन्स-टेक्नॉलॉजीनं समाजाचे प्रश्न सुटतात का?

उत्तर : प्रोजेक्ट चांगला आहे, तो पूर्ण कर. हे सगळ्यात आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुझा हुरूप जायला नको.

आजोबांना एकदा बोअरची गोष्ट विचार. १९७२ च्या दुष्काळाच्या आसपास दगड फोडून खोल जाणारी रिग मशीन आपल्याकडं आली, गावोगाव हातपंप बसले आणि बायांची पायपीट कमी झाली. हे विज्ञानानं केलं, ते कुणी नाकारू नये. पण पुढं वीज आली, सबमर्सिबल मोटर आली आणि तेच मशीन पिण्याच्या पाण्यावरून शेताच्या पाण्याकडं वळलं. आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे, काळा पाषाण. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा, जसजसं खाली जावं तसा खडक घट्ट होत जातो, आणि तिथं एखाद्या भेगेत पाणी लागलंच तर ते साठायला किती पावसाळे लागले असतील याचा नेम नाही. एकानं दोनशे फुटांवर पाणी काढलं की शेजारच्याची पन्नास फुटांची विहीर आटते, मग तो कर्ज काढून चारशेवर जातो, मग पहिला सहाशेवर. मशीन दर वेळी आपलं काम चोख करतं. पाणी मात्र तेवढंच असतं, फक्त ज्याला रिगवाल्याचं बिल परवडतं त्याच्याकडं ते सरकत जातं. राज्याचा २००९ चा भूजल कायदा आहे, शेतीसाठी ६० मीटरच्या खाली जायचं नाही असं त्यात आहे, पण तुझ्याच गावात किती बोअर त्या हद्दीत थांबलेत ते तू एकदा फिरून बघ.

एप्रिल २०१६ मध्ये तुमच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. त्याच्या आधी टाक्यांजवळ मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. तू तेव्हा लहान असशील, पण घरच्यांना आठवत असेल. त्या वेळी रेल्वे होती, पंप होते, टँकर होते, फिल्टर होते, तंत्रज्ञानाची काही म्हणजे काही कमी नव्हती, आणि लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा नदीच्या खोऱ्यातच वर्षानुवर्षं ऊस पसरत गेला होता. उसाला किती आणि प्यायला किती, हे कुठल्या मशीननं ठरवलं नव्हतं, ते माणसांनी ठरवलं होतं किंवा ठरवायचं टाळलं होतं, आणि मला राग येतो तो या टाळण्याचा.

ठिबकचं पण बघ. ठिबकनं पाणी वाचतं, यात वाद नाही. पण वाचलेलं पाणी विहिरीत थांबत नाही ना, दोन एकर ऊस असलेला माणूस त्याच पाण्यावर तीन एकर करतो, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, कारण उसाला हमीचा भाव आहे आणि ज्वारीला गिऱ्हाईक नाही. म्हणजे शेताच्या पातळीवर बचत, आणि गावाच्या पातळीवर उपसा होता तेवढाच. एकट्या शेतकऱ्याला दोष देऊन इथं काही हाती लागत नाही.

आता दुसरी बाजू. त्याच ७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे नावाचे पुण्यातले इंजिनिअर, स्वतःचा कारखाना असलेले, पुरंदर तालुक्यात गेले. नायगावला देवस्थानची माळरानाची जमीन घेऊन त्यांनी बांध घातले, पाणी अडवलं, विहीर काढली, म्हणजे इंजिनिअरनं जे करायचं ते केलं. पण त्यांचं खरं काम मला वाटतं त्याच्या पुढं सुरू झालं. त्यांच्या पाणी पंचायतीचा नियम असा होता की पाणी जमिनीच्या हिशोबानं मिळणार नाही, घरात माणसं किती त्यावर मिळणार, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. आणि जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. हे वाचायला सोपं वाटतं, पण ज्याची वीस एकर आहे त्याला आणि ज्याची काहीच नाही त्याला एकाच पारड्यात बसवणं म्हणजे काय हे गावात राहिलेल्याला कळतं. पंप तोच, पाइपलाइन तीच, नियम वेगळा, म्हणून पाणी वेगळ्या घरांपर्यंत गेलं.

हिवरे बाजारचं नाव तू ऐकलं असशीलच, तिथं पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावानं बांधबंदिस्ती केली ती सगळ्यांना दिसते, पण शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस आणि केळी नाही, हे ग्रामसभेनं ठरवलं आणि पाळलं. दर वर्षी पाऊस किती झाला आणि विहिरींना पाणी किती आहे ते मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं. बघ, मोजमाप आलंच की नाही! विज्ञानाशिवाय हेही झालं नसतं. पावसाचा आकडा नसता तर ग्रामसभेत नुसती भांडणं झाली असती.

म्हणून तुझ्या प्रोजेक्टला माझा एकच प्रश्न आहे, तुझं ॲप विहिरीची पातळी कुणाला दाखवणार? फक्त विहीर मालकाला दाखवलीस तर पाणी उतरतंय दिसल्यावर तो शेजाऱ्याच्या आधी उपसून घेईल, म्हणजे तुझ्या सेन्सरनं बोअरचीच शर्यत जास्त जोरात होईल. पण सगळ्या विहिरींची पातळी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फळ्यावर लागली, कुणालाही वाचता येईल अशी, तर त्याच सेन्सरचा उपयोग बदलतो. कोडिंगच्या दृष्टीनं फरक किरकोळ आहे, सरांशी यावर जरूर बोल.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातली निवृत्त परिचारिका. सोनोग्राफी आली आणि आमच्या भागात मुली जन्माला येईनाशा झाल्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मशीन आलंच नसतं तर त्या वाचल्या असत्या. मग विज्ञानाला दोष का देऊ नये?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही जे बघितलंय ते जनगणनेतही आहे. शून्य ते सहा वर्षांच्या हजार मुलग्यांमागं राज्यात १९९१ ला ९४६ मुली होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. तुमचा बीड जिल्हा २०११ ला ८०७ वर आला. आणि २००१ ला सगळ्यात वाईट आकडा कोल्हापूरचा होता, ८३९, म्हणजे पाणी, ऊस, दूध, शिक्षण सगळं असलेला जिल्हा. गरिबीमुळं किंवा अडाणीपणामुळं होतं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा, मशीन आधी तिथंच पोचलं जिथं फी भरायची ऐपत होती.

पण मशीनवर पूर्ण दोष टाकायला माझं मन होत नाही, आणि तुम्ही परिचारिका आहात म्हणून तुम्हाला हे पटेल. वार गर्भाशयाच्या तोंडाशी असलेली बाई, नळीत राहिलेला गर्भ, आडवं मूल, हे आधी कळल्यामुळं किती बायका वाचल्या ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. मुलगी नको ही इच्छा सोनोग्राफीनं तयार केली नाही, ती आधीपासून घराघरात होती, मशीननं ती पुरी करायची सोय केली, तीही गुपचूप, पांढऱ्या कोटातल्या माणसाकडून. यात डॉक्टर म्हणवणारे काही लोक श्रीमंत झाले हे विसरता कामा नये, आणि मी त्यांना माफ करायला तयार नाही.

महाराष्ट्रानं १९८८ लाच गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, देशात पहिला, तो झाला मुंबईतल्या बायकांच्या संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी लढा दिला म्हणून. केंद्राचा कायदा १९९४ चा, पुढं २००३ ला कडक केला. कोल्हापुरात मशीनला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडून बघितला, सोनोग्राफीचं चित्र त्यात साठतं. म्हणजे तंत्रज्ञानानं झालेल्या नुकसानावर परत तंत्रज्ञानाचा पहारा. त्याचा धाक बसला असेल, पण डॉक्टरनं नुसतं बोटानं खूण केली किंवा “पेढे की बर्फी” एवढंच बोलला तर ते कुठल्या चित्रात येणार? कोल्हापूर २०११ ला ८६३ वर गेलं, हे बरं झालं, त्याचं श्रेय एकट्या यंत्राला द्यावं असं मला वाटत नाही. हुंडा, म्हातारपणी कोण बघणार, शेताला वारस, हे सगळं जिथल्या तिथं आहे तोवर कुठलं ना कुठलं नवीन मशीन ही इच्छा पुरी करत राहणार, आता तर रक्ताच्या टेस्टवरूनही कळतं.

प्रश्न : चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशात गटारात माणूस का उतरतो? (ठाण्याहून एक वाचक)

उत्तर : कारण उतरणारा माणूस मशीनपेक्षा स्वस्त पडतो, आणि तो कुठल्या जातीतून येतो हे सगळ्यांना माहीत असतं. यंत्रं आहेत, पाण्याच्या जोरानं गटार मोकळं करणाऱ्या जेटिंगच्या गाड्या आहेत, मैला ओढणाऱ्या गाड्या आहेत, केरळमधल्या तरुणांनी तर यासाठी रोबो बनवलाय. माणसाकडून मैला साफ करून घ्यायला बंदी घालणारा कायदा १९९३ ला झाला, परत २०१३ ला झाला, सुप्रीम कोर्टानं २०१४ ला मृताच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हणून सांगितलं आणि २०२३ ला ते तीस लाख केले. तरी सोसायटीची टाकी तुंबली की फोन कंत्राटदाराला जातो आणि तो दोन पोरं पाठवतो. तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एवढा ठराव करा, टाकी साफ करायला गाडीच येणार, माणूस आत उतरणार नाही, खर्च जास्त आला तरी.

प्रश्न : तुम्ही सगळे न सुटलेले प्रश्न सांगता. विज्ञानानं सुटलेला एक तरी सांगा, नाहीतर मुलांनी सायन्सला जायचं कशाला? (नाशिकहून एक शिक्षिका)

उत्तर : सांगते, आणि आपल्याच राज्यातला सांगते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथं बाळं न्यूमोनियानं जायची, औषध होतं पण दवाखाना लांब, आणि न्यूमोनिया ओळखणार कोण? बाळाचे श्वास मोजले की कळतं, दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, त्याहून मोठं पण वर्षाच्या आतलं पन्नास किंवा जास्त, तर धोका. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? मग त्यांनी मण्यांचं एक साधन बनवलं, सोबत मिनिटभराचं वाळूचं घड्याळ, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत ठरलेला मणी आला तर औषध द्यायचं. मला हे कुठल्याही मोठ्या मशीनइतकंच भारी विज्ञान वाटतं, कारण दाईला काय येतं इथून विचार सुरू केला, तिला काय येत नाही इथून नाही.

पुढं नवजात बाळांसाठी गावातल्याच बायका आरोग्यदूत म्हणून तयार केल्या, त्या घरी जाऊन वजन घ्यायच्या, बाळ उबदार ठेवायला शिकवायच्या, श्वास घेत नसेल तर द्यायच्या, जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शनसुद्धा द्यायच्या. गावातल्या बाईनं तान्ह्या बाळाला सुई टोचायची हे पचायला तेव्हा जड होतं. पण ३९ गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तीन वर्षांत २५ च्या आसपास आला, १९९९ ला ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई घरी जाऊन नवजात बाळ तपासतात त्याच्या मागं हे काम आहे.

तेव्हा मुलांना सायन्सला जरूर पाठवा. आणि वर्गात हेही सांगा की ज्या आशाताईंच्या हातानं हे विज्ञान घरोघर जातं त्यांना अजून पगार नाही, मानधन आहे, आणि तेही वाढवून घ्यायला त्यांना संपावर जावं लागतं.