'रेव्हरंड' कुणाला म्हणावं, 'रेव्हरंट' कुणाला

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझी प्रकरणं वाचली. भाषा वाहती आहे आणि मूळ मजकुराशी इमान राखलं आहेस. एका शब्दाबद्दल मात्र सविस्तर लिहितो. मिशनऱ्यांची पत्रं अनुवादायला घेतली आहेस, तेव्हा तो तुला पानोपानी भेटणार.

'रेव्हरंड' आणि 'रेव्हरंट' या दोन्ही इंग्रजी शब्दांसाठी तू 'पूज्य' वापरलं आहेस. त्यामुळे प्रार्थनेच्या वेळची शांतता 'पूज्य शांतता' झाली. तिथे आदर माणसांच्या मनात होता, म्हणून 'भक्तिभावाने पाळलेली शांतता' म्हणायला हवं. ज्याच्याबद्दल आदर बाळगायचा तो रेव्हरंड. ज्याच्या मनात आदर आहे तो रेव्हरंट. एक वंद्य, दुसरा वंदन करणारा.

शेवटच्या 'ड' आणि 'ट'मधला हा फरक लॅटिनमधून आला आहे. 'रेव्हरेंडस' म्हणजे ज्याचा आदर करायला हवा असा. शाळेत भागाकार शिकलास तेव्हा भाज्य आणि भाजक घोकले असशील. भाज्याला इंग्रजीत 'डिव्हिडंड' म्हणतात, आणि त्याच्या शेवटी तोच 'ंड' आहे: जे भागायचं आहे ते. संस्कृतात वंद्य, पूज्य, आदरणीय ही रूपं हेच काम करतात. म्हणजे अर्थापुरतं तुझं 'पूज्य' चुकलेलं नाही. पण ख्रिस्ती पाळकाच्या नावाआधी ते घातलंस की मराठी वाचकाला मठातले महाराज आठवतात. तिथे 'रेव्हरंड' तसंच राहू दे. मराठीने तो शब्द कधीच आपलासा केला आहे.

पण तो आपल्याकडे पदवी म्हणून रुळला, आणि मुळात ते विशेषण आहे हे विसरलं गेलं. शेक्सपिअरचा ऑथेल्लो व्हेनिसच्या सिनेटरांना भर सभेत 'रेव्हरंड' म्हणतो. त्यांच्यात पाद्री कुणी नाही. इंग्लंडात तर या विशेषणावरून खटला लढला गेला. लिंकनशायरमधल्या ओस्टन फेरी या गावी कीट नावाचे वेस्लियन मेथडिस्ट पाळक होते. त्यांची मुलगी वारली. तिच्या थडग्याच्या दगडावर, ती 'रेव्हरंड' कीट यांची मुलगी, असा मजकूर त्यांना कोरायचा होता. गावातलं दफनाचं आवार चर्च ऑफ इंग्लंडच्या व्हिकारच्या, म्हणजे तिथल्या पाद्र्याच्या, ताब्यात. त्याने हरकत घेतली: आमच्या चर्चबाहेरच्या माणसाला हा शब्द लावता येणार नाही. कीट धर्मन्यायालयांत हरले आणि प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १८७६ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. 'रेव्हरंड' ही कुणाची राखीव पदवी नाही, ते आदर दाखवणारं विशेषण आहे, असं कौन्सिलने ठरवलं. लेकीच्या थडग्यावरच्या एका शब्दासाठी बाप साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला, हे मला फार मोठं वाटतं. तुझ्या पत्रांत कुणी मिशनरी दुसऱ्या पंथाच्या माणसाचं नाव 'रेव्हरंड' न लावता लिहीत असेल, तर तिथे थांब. ते गाळणं मुद्दाम केलेलं असू शकतं. अनुवादात तू आदरापोटी ते भरून काढू नकोस.

आपल्याकडे दोन टिळक विशेषणांनीच ओळखले जातात: लोकमान्य टिळक आणि रेव्हरंड टिळक. नुसतं आडनाव घेतलं तर नारायण वामन टिळक कुणाच्या डोळ्यांपुढे येणार नाहीत. आता गंमत अशी की 'रेव्हरंड' आणि लगेच आडनाव ही जोडी काटेकोर ब्रिटिश लेखनात चुकीची धरतात. तिथे 'द रेव्हरंड' लिहून पुढे पूर्ण नाव, नाहीतर मधे मिस्टर किंवा डॉक्टर. पत्रं इंग्रजीत उद्धृत करशील तेव्हा हे पाळ. मराठीत मात्र 'रेव्हरंड टिळक' इतकं रुळलं आहे की सुधारायला जाऊ नकोस.

पायऱ्याही सांभाळ. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, चर्चमध्ये डीन (कॅथीड्रलचा प्रमुख) 'व्हेरी रेव्हरंड', बिशप 'राइट रेव्हरंड', आर्चबिशप 'मोस्ट रेव्हरंड'. यातल्या 'राइट'चं 'योग्य' करू नकोस. तिथे त्याचा अर्थ 'अत्यंत'.

'इररेव्हरंट' हल्लीच्या परीक्षणांत बरेचदा कौतुकाने येतं. तिथे 'अनादरयुक्त' लिहिलंस तर कौतुकाची निंदा होईल. 'कुणाची भीडमुर्वत न ठेवणारा' म्हण. जुन्या मिशनऱ्याच्या पत्रात मात्र तोच शब्द दोषारोप असतो. तिथे 'उद्धट' किंवा 'पाखंडी'. कोण कुणाबद्दल बोलतो आहे ते पाहून ठरव.

राहिलं 'व्हेनरेबल'. इथे अंदाजाने जाऊ नकोस, माणूस कोणत्या परंपरेतला ते आधी शोध. अँग्लिकन आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या वरिष्ठ पाद्र्याच्या, नावाआधी ते हुद्द्यामुळे येतं. कॅथलिक चर्चमध्ये ती संतपदाच्या वाटेवरची पायरी आहे: गोव्याचे फादर आग्नेल यांना १९८६ साली 'व्हेनरेबल' घोषित केलं. पुढच्या दोन पायऱ्या, 'ब्लेसेड' आणि 'सेंट', राहिल्या आहेत, म्हणून त्यांच्या नावाआधी 'संत' लिहिणं चूक. आणि बौद्ध भिक्खूंच्या नावाआधी इंग्रजीत 'व्हेनरेबल' दिसलं, तर मराठीत 'भदंत' हा शब्द तयारच आहे.

तिसऱ्या प्रकरणात आर्चडीकनचं नाव दोनदा आलं आहे, त्याआधीचं विशेषण तेवढं आधी दुरुस्त कर आणि चौथं पाठव.

कळावे, लोभ असावा.