वाचकांचे प्रश्न : तळ्याकाठचे नियम आणि त्यांमागची कारणे

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून दादरला राहतो. माझी मुलगी इंग्लंडमध्ये असते आणि येत्या मे महिन्यात आम्ही उभयता दोन महिन्यांसाठी तिच्याकडे जाणार आहोत. तिच्या घराजवळ एक लहान तळे आहे, तेथे दिवसाचे तिकीट काढून गळाने मासे धरता येतात. तेथील नियमांचा कागद तिने मला पाठवला आहे. गळाला उलटा काटा नसावा, मासा ओल्या गादीवर ठेवावा, कार्प जाळीत साठवू नये, शेंगदाणे वापरू नयेत, आपली जाळी आधी जंतुनाशकात बुडवावी, आणि शेवटी, एकही मासा घरी नेऊ नये. लहानपणी मी कोकणात खाडीवर बांबूच्या काठीने गरवायला जात असे आणि मिळालेला मासा रात्री ताटात असे. मासा परत सोडायचाच, तर तो धरायचा कशाला आणि त्यासाठी एवढे नियम कशाला?

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे नियम त्यातूनच निघाले आहेत. खाडीत प्रत्येक भरतीबरोबर नवा मासा आत येतो, त्यामुळे आपण चार मासे नेले तरी खाडीला ते जाणवत नाही. तळ्याचे तसे नसते. त्यातले मासे मोजून सोडलेले असतात, आणि कार्पसारखा मासा वीस वर्षांहूनही अधिक जगू शकतो. म्हणजे आज आपल्या गळाला लागलेला मोठा कार्प यापूर्वी कित्येकांच्या हातून गेलेला असतो आणि आपल्यानंतरही कित्येकांच्या हाती यायचा असतो. इंग्लंडमध्ये सामन आणि ट्राउट वगळून गोड्या पाण्यातल्या बाकीच्या माशांना, म्हणजे कार्प, टेंच, ब्रीम, रोच, पर्च, पाइक यांना, 'कोर्स फिश' म्हणतात. ते धरण्याचा छंद तेथे मासा जिवंत परत सोडण्याच्या रिवाजावरच उभा आहे. मासा पाण्याबाहेर असतो ती दोन-तीन मिनिटे त्याला इजा न होता जावीत, एवढ्यासाठीच त्या कागदावरचे बहुतेक नियम आहेत.

त्यांतला ओल्या गादीचा नियम आपल्याला कदाचित सर्वांत अनावश्यक वाटला असेल, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो त्याचे कातडे बुरशीपासून आणि परजीवींपासून राखतो. कोरड्या हाताने मासा घट्ट धरला किंवा काठावरच्या खडीवर टेकवला, की तो थर तेवढ्या जागी पुसला जातो. काही वर्षांपूर्वी पवईच्या काठावर आम्ही एक कटला वर घेतला होता. त्याच्या एका कुशीवर कापसासारखा पांढरा, अंगठ्याएवढा पुंजका होता. मासा उलटून पाहिला तर दुसऱ्या कुशीवर तसेच चार पुंजके ओळीने होते. कुणीतरी त्याला कोरड्या मुठीत आवळले होते आणि त्या मुठीचा ठसा बुरशी होऊन त्याच्या अंगावर उगवला होता. तेव्हापासून माशाला हात लावण्याआधी हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवण्याची मला सवय लागली आहे. गादीही आधी तळ्याच्याच पाण्याने भिजवावी, कारण उन्हात तापलेली कोरडी गादी खडीइतकीच वाईट.

गळाच्या टोकामागचा उलटा काटा मासा सुटू नये म्हणून असतो, पण गळ काढताना तोच ओठ फाडतो. काटा नसलेला गळ आला त्याच वाटेने परत फिरवला की निघतो, आणि बरेचदा मासा पाण्याबाहेर न काढताच हे काम उरकते.

साठवणीच्या जाळीविषयी तेथे कायद्याचेही बंधन आहे. तिला गाठी नसाव्यात, तिची लांबी किमान २ मीटर असावी. तरीही अनेक तळी कार्पसाठी ती सरसकट मनाच करतात, कारण मोठा मासा तिच्यात धडपडून खवले आणि पर घासून घेतो. शेंगदाण्यांचे कारण निराळे आहे. कोरडे किंवा नीट न शिजलेले दाणे पोटात गेल्यावर फुगतात आणि माशाला पचत नाहीत, शिवाय दाण्यांवर बुरशी आलेली असेल तर तिचे विषही पोटात जाते. जाळी जंतुनाशकात बुडवायची ती एका तळ्याचा रोग दुसऱ्या तळ्यात जाऊ नये म्हणून. कार्पना होणारा कोय हर्पीस हा विषाणूजन्य रोग पाणी तापू लागले की एखाद्या तळ्यातले बहुतेक कार्प मारू शकतो. बुडवून झाल्यावर जाळी उन्हात पूर्ण वाळवणे तितकेच महत्त्वाचे आहे.

आणखी दोन गोष्टी कागदावर कदाचित नसतील. तळ्याच्या तिकिटाखेरीज सरकारी रॉड लायसन्सही लागते. १३ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला ते सक्तीचे आहे, पाहुण्यालाही. इंग्लंडमध्ये ते एन्व्हायर्न्मेंट एजन्सी देते आणि एक दिवसाचे, आठ दिवसांचे किंवा बारा महिन्यांचे काढता येते. आपला मुक्काम दोन महिन्यांचा आहे, तेव्हा बारा महिन्यांचेच सोयीचे पडेल. दुसरे म्हणजे १५ मार्च ते १५ जून या काळात तेथील नद्यांवर कोर्स मासे धरण्यास बंदी असते, कारण तो त्यांचा अंडी घालण्याचा हंगाम आहे. १९९५ पासून बहुतेक तळ्यांना ही बंदी नाही. म्हणून मे महिन्यात आपण तळ्यावर बसू शकाल, पण शेजारून वाहणाऱ्या नदीत मात्र गळ टाकू नका. आणि इथल्या दुकानातले शिशाचे गोळे सोबत नेऊ नका. गिळलेल्या शिशाने हंस मरू लागले म्हणून १९८७ पासून तेथे गळाला लावायची बहुतेक शिशाची वजने वर्ज्य आहेत.

प्रश्न : मी भांडुपला राहतो आणि सुट्टीच्या दिवशी पवई तलावावर जातो. काटा नसलेला गळ आमच्याकडच्या दुकानात मिळत नाही. शिवाय त्याने मासा सुटतो असे बरोबरचे लोक सांगतात. मी काय करावे?

उत्तर : दुकानात शोधत बसू नका. नेहमीचाच गळ घ्या, बारीक पक्कडीच्या जबड्यात त्याचा उलटा काटा धरा आणि हळूहळू दाबून सपाट करा. झटका दिलात तर टोक मोडेल. मग गळ जुन्या सुती रुमालातून आरपार घालून मागे ओढा. एकही धागा अडकला नाही तर काम झाले, अडकला तर पुन्हा दाबा. मासा सुटतो तो दोरा ढिला पडल्यामुळे. रॉड वर धरून दोरा शेवटपर्यंत ताणलेला ठेवला तर काट्याची उणीव भासत नाही, हा माझा कित्येक वर्षांचा अनुभव आहे.

पवईविषयी दोन शब्द अधिक लिहितो. हा तलाव १८९१ मध्ये मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला, पण ते पाणी पिण्यास योग्य ठरले नाही. म्हणूनच विहार आणि तुळशीसारखा तो पाणीपुरवठ्यासाठी राखला गेला नाही आणि तेथे गळ टाकण्याचा छंद रुजला. महाराष्ट्र राज्य अँग्लिंग असोसिएशन तेथे अनेक दशके काम करीत आहे. त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्या नियमांनुसार बसावे. आडबाजूच्या कठड्यावरून चोरून गळ टाकू नये.

इंग्लंडच्या थंड पाण्यासाठी केलेले नियम आपल्याकडे सैल करावेत असे काहींना वाटते. माझ्या मते ते अधिक कडक हवेत. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. म्हणजे एप्रिल-मेच्या दुपारी दमलेला रोहू ज्या पाण्यात परत जातो त्यात त्याला श्वासापुरतेही कष्टानेच मिळते. तेव्हा त्याला नुसता फेकून देऊ नका. तोंड पुढे करून, पोटाखाली हात देऊन त्याला पाण्यात सरळ धरा. सुरुवातीला कल्ले घाईघाईने उघडमीट करतात, मग त्यांची लय संथ होते, आणि एका क्षणी शेपटीचा एकच फटका बसून तळवा रिकामा होतो. यासाठी कधी पाच मिनिटेही लागतात. याच कारणासाठी पेंडीचे आणि कणकेचे मोठे गोळे चारा म्हणून ओतू नका. न खाल्लेला चारा तळाशी कुजतो आणि आधीच अपुरा असलेला प्राणवायू तोच खातो.

हे सगळे बांधावरून किंवा बसण्याच्या ठरलेल्या जागेवरूनच करा. पवईत मगरी आहेत. पाण्यात उतरू नका आणि धरलेले मासे जाळीत घालून काठाशी टांगूही नका.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलाला हा छंद लागला आहे. अंधेरीहून त्याच्याबरोबर दर वेळी मलाच जावे लागते. सुरक्षिततेसाठी त्याला नेमके काय शिकवावे?

उत्तर : गळ फेकण्याआधी मागे वळून पाहायला शिकवा आणि डोळ्यांवर साधा चष्मा असू द्या. लावलेला रॉड सोडून त्याने खेळायला जाऊ नये. मोठा मासा रॉडच ओढून नेतो आणि मग तो मासा दोरा आणि गळ घेऊन तलावभर फिरत राहतो. तुटलेल्या दोऱ्याचा एक तुकडाही काठावर पडू देऊ नका. नायलॉनचा दोरा वर्षानुवर्षे कुजत नाही, त्यात बगळ्याचे पाय आणि पाणकावळ्याचे पंख गुरफटतात. त्याच्या पिशवीत एक रिकामी डबी ठेवा, दोरा त्यात भरून घरी आणा, कात्रीने बोटभर लांबीचे तुकडे करा आणि मगच कचऱ्यात टाका.

प्रश्न : पहिला मोठा पाऊस झाला की तलावाच्या सांडव्याखाली लोक हाताने आणि पंचाने मासे धरतात. तेथे तर गळही नसतो. मग त्यात नियमभंग कसला? (एक वाचक, मरोळ)

उत्तर : चढणीचे मासे म्हणतात ते हेच. पवई आणि विहारचे पाणी भरून वाहू लागले की ते मिठी नदीला मिळते आणि मासे त्या प्रवाहाच्या उलट दिशेने चढू पाहतात. रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालण्यासाठी पावसाचे वाहते पाणी लागते, साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. त्या आठ-पंधरा दिवसांत पंचात सापडलेली मादी बहुधा पोटात लाखो अंडी घेऊन निघालेली असते. इंग्लंडमधील नद्या ज्या कारणासाठी वसंतात तीन महिने बंद ठेवतात, तेच कारण आपल्याकडे जून-जुलैत असते. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या समुद्रात लोटत नाहीत, त्यात वादळाच्या भीतीबरोबर माशांच्या विणीचीही जाण आहे. तलावाच्या माशांनाही तेवढी मुदत मिळावी असे मला मनापासून वाटते. माझा स्वतःचा रॉड पहिल्या सरीला माळ्यावर जातो, तो नारळी पौर्णिमेनंतरच खाली उतरतो.