आजच्या अमेरिकन क्लासिकल संगीतकारांची ओळख करून घ्यायला सुरुवात कुठून करू?

जॉन ॲडम्सच्या 'शॉर्ट राइड इन अ फास्ट मशीन'पासून (१९८६) करा. जेमतेम चार मिनिटांचं आहे. वुडब्लॉकची (लाकडी ठोकळ्यासारखं तालवाद्य) टकटक सुरू होते आणि अख्खा ऑर्केस्ट्रा तिच्यामागे धावत सुटतो. आवडलं तर स्टीव्ह राइशचं 'म्युझिक फॉर १८ म्युझिशियन्स' लावा, पण तासभर मोकळा ठेवून. तेच ते वाजतंय असं वाटेल. हळूहळू काय सरकतंय तिकडे कान द्या. मग कॅरोलाइन शॉची 'पार्टिटा': फक्त आठ गळे, त्यात कुजबुज, बोलणं, उसासेसुद्धा. तिला २०१३ चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक, मिळालं. पुढची नावं पुलित्झरच्या संगीत-यादीतून घ्या, मात्र तीच प्रमाण मानू नका: राइशला ते फार उशिरा, थेट २००९ मध्ये मिळालं.