भिंतीवर लावायच्या कॅनव्हास प्रिंटवरच्या, केसांत मोठं फूल माळलेल्या चिनी राण्या नेमक्या कोण?

बहुतेक वेळा त्या कुणी एक राणी नसतात, तर चीनमधल्या थांग राजघराण्याच्या काळातल्या (६१८–९०७) दरबारी स्त्रिया असतात. या प्रिंट ज्यावरून काढतात ते मूळ चित्र झोउ फांग या थांगकालीन चित्रकाराचं मानलं जातं. ते कॅनव्हासवर नाही, रेशमावर आहे आणि चीनमधल्या शेनयांग शहराच्या ल्याओनिंग संग्रहालयात जपलेलं आहे. उंच अंबाड्यावर टपोरं फूल, कपाळावर आखूड, जाड भुवया आणि झिरझिरीत वस्त्रातून दिसणारे दंड! पायाशी दोन छोटी कुत्रीही आहेत. एकीच्या हातातलं फुलपाखरू तर मला फारच आवडतं.

मूळ पट जेमतेम ४६ सेंटिमीटर उंच, पण सुमारे १८० सेंटिमीटर लांब आहे. त्यामुळे प्रिंट घ्यायचीच तर आडवी, न कापलेली घ्या. चौकोनी तुकड्यात त्या बायकांमधली मोकळी जागाच हरवते.