नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं एकूण वैद्यकीय संशोधन किती, हे पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत) कसं शोधायचं?

फक्त विद्यापीठाचं नाव टाकून शोधू नका, संलग्न महाविद्यालयांच्या नावानेही शोधा. नाहीतर आकडा खूपच कमी येईल. १९९८ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ मुख्यतः संलग्नता देणारं आहे. प्रत्यक्ष संशोधन होतं ते मुंबईच्या जीएस मेडिकल-केईएममध्ये, पुण्याच्या बीजे मेडिकलमध्ये, अशा संलग्न महाविद्यालयांत, आणि तिथले डॉक्टर शोधनिबंधावर बहुतेकदा महाविद्यालयाचं किंवा रुग्णालयाचंच नाव लिहितात. पबमेडच्या ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये ‘ॲफिलिएशन’ (लेखकाची संस्था) निवडा, एकाच संस्थेची सगळी रूपं (सेठ जीएस, केईएम हॉस्पिटल, बीजे, बी. जे. गव्हर्न्मेंट) ‘ऑर’ने जोडा आणि शहराचं नाव ‘अँड’ने घाला. शहर विसरू नका, कारण केईएम पुण्यातही आहे आणि बीजे मेडिकल अहमदाबादलाही! पीएचडीचे प्रबंध पबमेडवर नसतात, ते शोधगंगावर (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) पाहा.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: २०१४ च्या आधीच्या नोंदींत सहसा पहिल्याच लेखकाची संस्था नोंदलेली असते. त्यामुळे जुन्या आणि नव्या वर्षांची थेट तुलना केली तर वाढ आहे त्यापेक्षा मोठी दिसेल. आयुर्वेदाची तर बरीच नियतकालिकं पबमेडवर नाहीतच.